पाण्यातले बुडबुडे काय काम करतात?

मावळात लोणावळ्याजवळ कुरवंडे नावाचे गाव आहे. गावाजवळ नागफणीचा उंच कडा आहे. इंद्रायणी नदीचा उगम या गावच्या परिसरातच होतो. येथून निघालेले पाणी पुढे देहूला जाते, आळंदीला जाते. वाटेत ते किती तरी घरांच्या हंड्यांत आणि पातेल्यांत येते. चुलीवर चढते. तापते. त्यात बुडबुडे येतात.

आपण म्हणतो, "माणसाचा जन्म म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा." आता आहे, आता नाही. बुडबुड्याची किंमत आपण एवढीच धरतो. पण चुलीवरच्या पातेल्यात हाच बुडबुडा मोठे काम करतो. तो भांड्याच्या बुडाची उष्णता उचलतो आणि पाण्यात नेऊन टाकतो. तो काम करतो तोवर भांडे शाबूत राहते. त्याचे काम बिघडले, तर भांडे जळते, कुकर उडतो, आगगाडीचे इंजिनसुद्धा फुटते.

हे कसे होते, ते आपण पाहू.

आधणात डोकावून पाहा

भाताचे आधण चुलीवर ठेवा. जरा लांबूनच आत पाहा.

पहिल्यांदा भांड्याच्या कडेला आणि बुडाला बारीक बारीक बुडबुडे चिकटतात. पाणी अजून फार तापलेले नसते. हे बुडबुडे वाफेचे नव्हेत. ते हवेचे आहेत. गार पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते. म्हणून तर मासे पाण्यात जगतात. पाणी तापू लागले, की ही हवा बाहेर पडते.

थोड्या वेळाने आधण वाजू लागते. सूं सूं असा आवाज येतो. आता बुडाशी वाफेचे बुडबुडे होऊ लागलेले असतात. पण वरचे पाणी अजून पुरते तापलेले नसते. बुडबुडा वर निघतो, वरचे पाणी त्याला लागते आणि तो तेथेच मिटतो. असे असंख्य बुडबुडे होतात आणि मिटतात. त्यांचाच तो आवाज.

मग सारे पाणी तापते. बुडबुडे आता वाटेत मिटत नाहीत. ते बुडापासून वरपर्यंत येतात आणि फुटतात. पाणी खळखळ उकळते. आपण म्हणतो, "आधण आले. तांदूळ वैरा."

नीट पाहिलेत तर आणखी एक गोष्ट दिसेल. बुडबुडे बुडाच्या सगळ्या भागातून सारखे निघत नाहीत. काही ठरावीक जागा असतात. त्याच जागेवरून एकामागून एक बुडबुडे सुटतात. जणू माळेतले मणी! असे का? भांड्याला बारीक ओरखडे असतात, खळगे असतात. डोळ्याला ते दिसत नाहीत. त्या खळग्यांत हवेचा किंवा वाफेचा कण अडकून राहतो. बुडबुडा तेथे जन्म घेतो. बीजाला जशी माती, तसा बुडबुड्याला खळगा.

बुडबुडा उष्णता कशी नेतो?

बुडबुडा दोन प्रकारे काम करतो.

पहिला प्रकार असा. पाण्याची वाफ होण्यासाठी पुष्कळ उष्णता लागते. एक हिशेब करू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला आपण एक माप म्हणू. गार पाणी २० अंशांवर असेल, तर ते उकळीला आणायला सुमारे ८० मापे लागतात. पण त्याच उकळत्या पाण्याची सगळी वाफ करायला सुमारे ५४० मापे लागतात. म्हणजे जवळजवळ सात पट! ही सारी उष्णता बुडबुडा बुडापासून घेतो आणि पोटात भरून वर नेतो.

दुसरा प्रकार असा. बुडबुडा बुडापासून सुटला, की त्याची जागा रिकामी होते. तेथे लगेच दुसरे पाणी धावते. वर जाताना बुडबुडा भोवतालचे पाणीही ढवळतो. म्हणजे बुडाला सतत नवे पाणी मिळते. पळीने ढवळावे, तसेच हे काम आहे. आपल्याला मात्र हात लावावा लागत नाही.

म्हणून नुसत्या तापणाऱ्या पाण्यापेक्षा उकळणारे पाणी बुडाची उष्णता किती तरी पटींनी जास्त ओढून घेते.

याचा पुरावा घरातच आहे. पितळेच्या पातेल्याला आपण आतून कल्हई लावतो. कल्हई म्हणजे कथील. ते २३२ अंशांवर वितळते. चुलीतला जाळ त्याहून किती तरी जास्त तापलेला असतो. तरी पाणी भरलेल्या पातेल्याची कल्हई वितळत नाही. का? बुडबुडे बुडाची उष्णता सारखी उचलून नेतात. त्यामुळे बूड उकळत्या पाण्यापेक्षा थोडेसेच जास्त तापते. पण तेच पातेले रिकामे चुलीवर राहू द्या. पाहता पाहता कल्हई वितळते आणि भांडे बिघडते. जाळ तोच. भांडे तेच. फक्त पाणी नाही आणि बुडबुडे नाहीत.

तव्यावर नाचणारा थेंब

आता बुडबुड्याची दुसरी बाजू पाहू. त्यासाठी तव्याकडे चला.

घावन घालण्याआधी बाई तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडते. तवा बेताचा तापला असेल, तर थेंब चर्र करतो आणि उडून जातो. पण तवा फार तापला असेल, तर गंमत होते. थेंब मोत्यासारखा गोल होतो. तव्यावर इकडून तिकडे पळत सुटतो आणि बराच वेळ टिकतो. सासू सुनेला म्हणते, "अगं, लई तापलाय तवा. जरा आच कमी कर."

तवा जास्त तापला, तर थेंब लवकर आटायला हवा. तो उलट जास्त वेळ कसा टिकला?

कारण असे. तवा फार तापलेला असला, की थेंब टेकता टेकताच त्याच्या खालच्या बाजूची वाफ होते. ही वाफ बुडबुड्यांसारखी सुटून जात नाही. ती थेंबाखाली पसरते. थेंब तव्याला लागतच नाही. तो वाफेच्या गादीवर तरंगतो. आणि वाफेतून उष्णता फार हळू जाते. पाण्याच्या मानाने सुमारे पंचविसावा हिस्साच.

युरोपात जर्मनी देश आहे. तेथल्या लायडेनफ्रॉस्ट नावाच्या वैद्याने १७५६ साली ही गोष्ट लिहून ठेवली. त्याने लोखंडी पळी लाल होईपर्यंत तापवली आणि तीत पाण्याचा थेंब टाकला. थेंब अर्धा मिनिटभर टिकला. पळी निवत गेली, तसे पुढचे थेंब लवकर आटू लागले.

पुढे १९३४ साली जपानातल्या नुकियामा नावाच्या शास्त्रज्ञाने आणखी एक प्रयोग मांडला. त्याने पाण्यात एक बारीक तार बुडवली आणि तीत वीज सोडली. वीज वाढवली, तसे तारेवर बुडबुडे वाढले. तार फारशी तापली नाही. बुडबुडे उष्णता नेत होते. पण एक हद्द आली. बुडबुडे इतके झाले, की ते एकमेकांना चिकटले. तारेभोवती वाफेचे एकच आवरण झाले. पाणी तारेपर्यंत पोहोचेना. मग तार एकदम भडकून तापली. तार पाण्यात बुडालेली होती, तरीही साधी तार वितळून तुटली.

तेव्हा नियम असा आहे. सुटणारा बुडबुडा म्हणजे हमाल. तो ओझे उचलतो आणि नेतो. चिकटून बसलेली वाफ म्हणजे घोंगडी. ती उष्णता अडवून धरते.

पावसाळ्यात आपण घोंगडी पांघरतो. अंगाची ऊब बाहेर जात नाही. तापलेल्या लोखंडाने वाफेची घोंगडी पांघरली, तर त्याचीही ऊब बाहेर जात नाही.

लोहार कोयता का हलवतो?

लोहाराला हे अनुभवाने ठाऊक असते. तो कोयता लाल तापवतो आणि पाण्यात बुडवतो. याला कोयत्याला पाणी देणे म्हणतात. लोखंड झटकन निवले, तर धार कडक होते. हळू निवले, तर धार मऊ राहते.

कोयता पाण्यात गेला, की पहिल्या क्षणी त्याच्याभोवती वाफेची घोंगडी तयार होते. ती जेथे जास्त वेळ टिकेल, तेथे लोखंड हळू निवेल. धार एका जागी कडक आणि एका जागी मऊ होईल. म्हणून लोहार कोयता पाण्यात नुसता धरून ठेवीत नाही. तो खालीवर हलवतो. त्याने घोंगडी फाटते आणि पाणी लोखंडाला भिडते. कोणी पाण्यात मीठ घालतात. मिठाने वाफेचे आवरण लवकर मोडते. पण फार झटकन निवले, तर काही पोलादाला तडा जातो. म्हणून कोणत्या हत्याराला कोणते पाणी द्यायचे, हे जाणता कारागीरच ठरवतो.

बोरघाटातले इंजिन

चूल आणि भट्टी पाहिली. आता त्याहून मोठी भट्टी पाहू.

कुरवंड्याजवळच बोरघाट आहे. १८६३ साली या घाटातून आगगाडी धावू लागली. घाटातला चढ ३७ फुटांना एक फूट इतका कठीण आहे. १९२९ साली घाटात विजेची इंजिने आली. तोपर्यंत वाफेची इंजिनेच गाड्या वर ओढीत.

वाफेच्या इंजिनाला मोठा बॉयलर असतो. तुम्ही तांब्याचा बंब पाहिला असेल. मध्ये निखाऱ्याची नळी आणि भोवती पाणी. इंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा ठेवलेला मोठा बंबच समजा. मागच्या बाजूला कोळशाची भट्टी. भट्टीच्या माथ्यावर पाणी. भट्टीतला धूर आणि जाळ पुष्कळ नळ्यांतून पुढे धुराड्याकडे जातो. त्या नळ्यांभोवतीही पाणीच.

भट्टीत जाळ रणरणतो. तरी तिचा धातूचा माथा वितळत नाही. कारण माथ्यावर पाणी असते. त्यात अखंड बुडबुडे उठतात आणि उष्णता घेऊन जातात.

पण घाटात एक धोका असतो. इंजिन चढाला लागले, की आतले पाणीही कलते. धुराडे पुढे असेल, तर चढावर पाणी मागे भट्टीकडे येते. चढ संपून उतार लागला, की तेच पाणी पुढे धावते. पाणी आधीच कमी असेल, तर भट्टीचा माथा उघडा पडतो. तेथे मग ना पाणी, ना बुडबुडा. माथा लाल होतो, मऊ पडतो. आत वाफेचा दाब असतोच. माथा फाटतो. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरांहून जास्त वाफ होते. माथा फाटला, की आतल्या पाण्याची एकदम अशी वाफ होते. त्या तडाख्यापुढे माणूस टिकत नाही.

म्हणून इंजिनावर काचेची एक नळी असे. तीत आतल्या पाण्याची पातळी दिसे. तिच्यावर सतत लक्ष ठेवावे लागे. शिवाय भट्टीच्या माथ्यात मऊ धातूचा एक गट्टू बसवीत. पाणी असेपर्यंत गट्टू शाबूत राही. माथा उघडा पडला, की गट्टू वितळे. वाफ भट्टीत घुसे आणि माणसे सावध होत.

कुरवंड्याच्या वाटेवर नौदलाची 'शिवाजी' नावाची संस्था आहे. ती १९४५ साली सुरू झाली. जहाजांवरच्या यंत्रांचे शिक्षण तेथे मिळते. वाफेवर चालणाऱ्या जहाजांच्या बॉयलरलाही हाच नियम आहे: तापलेल्या धातूला पाणी कमी पडू द्यायचे नाही.

पालघर जिल्ह्यात तारापूर आहे. तेथले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्यांची रचना अशी, की तापलेल्या अणुइंधनाच्या कांड्यांवर पाणी थेट उकळते. त्या वाफेने चक्र फिरते आणि वीज होते. कांड्यांवर बुडबुडे हवेत, पण वाफेची घोंगडी नको. म्हणून उष्णता त्या हद्दीच्या बरीच आत ठेवतात.

हे आपल्या घरात कसे उपयोगी पडते?

इंजिनाचा नियम आपल्या कुकरलाही लागू आहे. कुकरच्या झाकणावर एक लहान सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यात लवकर वितळणारा धातू असतो. कुकरमधले पाणी आटले किंवा शिटीची वाट बंद झाली, तर तो धातू वितळतो आणि वाफ बाहेर जाते. म्हणजे इंजिनातल्या गट्टूचाच हा धाकटा भाऊ! म्हणून कुकरमध्ये पाणी मापाने घालावे. शिटीची वाट रोज पाहून साफ करावी. व्हॉल्व्ह गेला, तर त्या कुकरचाच नवा आणून बसवावा. त्या जागी खिळा किंवा लाकडाची खुंटी कधीही ठोकू नये. खुंटी वितळत नाही. मग कुकरच फुटतो.

पाणी तापवायची विजेची कांडी पाण्यात खुणेपर्यंत बुडवून मगच बटण दाबावे. पाण्याबाहेर कांडी जळते. कांडी चालू असताना पाण्यात हात घालू नये. विजेचा धक्का बसून जीव जातो.

बंबात, किटलीत किंवा कांडीवर पांढरा थर बसतो. तो पाण्यातल्या क्षारांचा असतो. हा थरही घोंगडीसारखाच आहे. तो धातू आणि पाणी यांच्यामध्ये बसतो. सरपण जास्त लागते आणि धातू जास्त तापून लवकर खराब होतो. थर वेळच्या वेळी काढावा. किटलीतला थर लिंबाच्या किंवा चिंचेच्या पाण्याने सुटतो.

पिठले, खीर, गूळ हे दाट पदार्थ का करपतात? दाट पदार्थात बुडबुडा चटकन वर येऊ शकत नाही. तो बुडाशीच अडकतो. खाली नवे ओले येत नाही. बूड तापते आणि पदार्थ करपतो. मग मोठा बुडबुडा एकदम फुटतो आणि कढत पिठले हातावर उडते. म्हणून आच मंद ठेवावी आणि बुडापासून ढवळावे. जे काम बुडबुड्याला करता येत नाही, ते पळीने करावे.

दूध उतू जाते, त्यालाही बुडबुडाच कारण. दुधावर साय धरते. बुडबुडे तिच्याखाली अडकतात. दुधातले बुडबुडे पाण्यातल्यासारखे लगेच फुटतही नाहीत. त्यांचा फेस होतो आणि सगळे वर चढते. दूध ढवळत राहिले आणि आच कमी केली, तर दूध वाचते.

आता सरपणाची गोष्ट. पाणी एकदा खळखळू लागले, की ते त्याहून जास्त तापत नाही. समुद्रकाठी ते १०० अंशांवर उकळते. लोणावळा समुद्रापासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. तेथे ते सुमारे ९८ अंशांवरच उकळते. मग कितीही लाकडे घाला. बुडबुडे वाढतात, वाफ वाढते, पाणी आटते. पण पाणी जास्त तापत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही. जास्तीची लाकडे त्या ५४० मापांत जातात. म्हणून कढ आला, की जाळ कमी करावा आणि झाकण ठेवावे. लाकूड वाचते, गॅस वाचतो, डोळ्यांत धूर कमी जातो.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. वाफेने भाजले, तर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते. बुडबुड्याने पोटात भरून आणलेली सगळी उष्णता वाफ कातडीवर टाकते. म्हणून झाकण उघडताना तोंड लांब ठेवावे. झाकणाची पलीकडची बाजू आधी उचलावी. भाजलेच, तर त्या जागेवर वीस मिनिटे गार वाहते पाणी सोडावे. बर्फ, शाई, दंतमंजन असले काही लावू नये. फोड मोठा असेल किंवा लहान मूल भाजले असेल, तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

लक्षात ठेवा

१. सुटणारा बुडबुडा उष्णता नेतो. चिकटलेली वाफ उष्णता अडवते.
२. तापलेल्या भांड्याला पाणी कमी पडू देऊ नका.
३. कुकरचा व्हॉल्व्ह कधीही बुजवू नका.
४. दाट पदार्थ मंद आचेवर ठेवा आणि बुडापासून ढवळा.
५. कढ आला, की जाळ कमी करा आणि झाकण ठेवा.

सांगा पाहू

१. आधण उकळण्याआधी सूं सूं असे का वाजते?
२. फार तापलेल्या तव्यावर थेंब जास्त वेळ का टिकतो?
३. इंजिनातला गट्टू आणि कुकरचा व्हॉल्व्ह यांचे काम सारखे कसे?
४. तुमच्या घरच्या किटलीत किंवा बंबात पांढरा थर आहे का? आज पाहा.